आसनाखालचं पत्र

बायकोच्या नोकरीचं पत्र मी देव्हाऱ्यात लपवलं. बाळकृष्णाच्या आसनाखाली. हे मी आजवर आईखेरीज कुणालाही आपल्या तोंडानं सांगितलेलं नाही—तुम्हालाच सांगतोय.

फाळणीनंतरची गोष्ट. कलकत्त्यात भवानीपूरला आम्ही तिघं—आई, मालती आणि सरकारी कचेरीत खुर्ची झिजवणारा मी. मालती डॉक्टरीण. सियालदहच्या फलाटांवर पूर्व बंगालातले निर्वासित येऊन पडलेले. तिथल्या बायकांची बाळंतपणं करायला तिला बोलावणं यायचं होतं. रोज ती पोस्टमनची वाट पाहायची. पण लग्नाला सहा वर्षं होऊनही आमच्याकडे पाळणा हलला नव्हता. आईचा नवस, मालतीचे सोमवार—सगळं चालूच. "स्वतःची ओटी रिकामी, आणि निघाली लोकांची बाळंतपणं करायला!" हे आईचं रोजचं.

म्हणून लपवलं का? छे! आई नुसतं निमित्त. उद्या लोक मला 'डॉक्टरीणबाईंचे यजमान' म्हणतील—ही धास्ती. "पत्र नाही आलं. देवाच्या मनात नसेल," मी मालतीला सांगितलं. देवाच्या नावावर! ती आत गेली. आणि मी? मी चहा मागितला.

तीन आठवड्यांनी साहेबांचं पार्सल सोडवायला सियालदहला गेलो. फलाटावर चारपाच बायकांनी साड्या धरून आडोसा केलेला. आतून एक कोवळं, कर्कश रडणं—आणि वर उचललेलं ते ओलं, लालबुंद मूल. धरणाऱ्या हातांतल्या बांगड्या माझ्या ओळखीच्या. एक म्हातारी मालतीच्या पायांना हात लावून "मा, मा" म्हणत होती. मा! जिच्या ओटीसाठी आम्ही सोमवार मोजत होतो, तिला. मी चपला काढून उभा राहिलो. फलाटावर! का, ते आजही सांगता येत नाही. भानावर आलो तेव्हा चपला गेलेल्या.

अनवाणी घरी आलो आणि आईपुढे सगळं ओकलो. तिला ठाऊकच होतं. देवांना रोज ताम्हनात आंघोळ घालतात, आसनाचं वस्त्र बदलतात—मला काय माहीत? माझी समजूत, देव माझ्यासारखेच, एकदा बसले की उठत नाहीत. लपवल्याच्या दुसऱ्याच सकाळी पत्र तिच्या हाती लागलेलं. बाळकृष्णाच्या पायांखालून आलेला कागद तिला डावलवेना. तिनंच तो मालतीला दिला, आणि मी कचेरीत गेलो की डबा देऊन तिला पाठवत राहिली.

"पण तिथं ठेवला कुणी, हे नाही विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? जन्मात कधी देवाला हात लावला नाहीस," आई म्हणाली, "लावलास तो चोरी लपवायला."