कृष्णातरावांचं एकमेव उड्डाण

कृष्णातराव सावर्डेकर यांनी एकोणीस वर्षं विमानांना तेल पाजलं आणि रोज संध्याकाळी शेअर रिक्षात स्वतःला कोंबून गाझियाबादला घरी आले. फौजेतून हवालदार म्हणून सुटल्यावर गावी कागलला परतायचं सोडून गडी शहराबाहेरच्या एका छोट्या फ्लाइंग क्लबात चिकटला. काम एकच. उड्डाणाआधी स्टुलावर चढायचं, पंखावरचं झाकण काढायचं, टाकीत खुणांची लाकडी पट्टी बुडवायची आणि ती कुठवर भिजली ते बघायचं. विमानातला तेलाचा काटा पक्का बढाईखोर होता, रिकाम्या टाकीलाही अर्धी म्हणायचा. त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नसे. कृष्णातरावांनी मान हलवली, की विमान हललं.

पण स्वतः एकदा वर जायचंय, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. बायको प्रभावतीबाई तर उघड चिडवायच्या, "एवढी वर्षं पेट्रोलचा नुसता वास आणलात घरी!"

निवृत्तीच्या दिवशी क्लबचा वैमानिक कॅप्टन यशोधननं जाहीर केलं, "काका, आज तुमची फेरी. कुठं जायचं बोला."

ठिकाण तर केव्हाच ठरलेलं. धावपट्टीपासून थोड्या अंतरावर कालव्याचा पूल होता. त्यावर प्रभावतीबाई पिवळी छत्री उघडून उभ्या राहणार होत्या. "जवळून बत्तीस वर्षं बघितलंत," त्या म्हणाल्या होत्या, "आता जरा लांबून बघा. कदाचित आवडेन."

कृष्णातराव लग्नातला कोट घालून निघाले. जिन्यात खालच्या मजल्यावरचे शर्माजी म्हणाले, "भाईसाब, बारात कहाँ जा रही है?" कोटाचं बटण लागत नव्हतं, तरी स्वारी लाजली.

हँगरमध्ये सवयीनं त्यांनी पट्टी उचलली. यशोधननं ती हातातून काढून घेतली. "आज तुम्ही पाहुणे. कशाला हात लावायचा नाही." आणि खिळ्याला टांगून टाकली. कृष्णातरावांना वाटलं, साहेबांनी आधीच बघितलंय. यशोधनला एकोणीस वर्षांत कधी बघावंच लागलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी विद्यार्थ्यांनी दोन फेऱ्या मारल्या होत्या, हे त्या गडबडीत दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

वर गेल्यावर कृष्णातरावांनी खिडकीकडे मान वळवली. खाली सगळी मोहरी, पिवळीच पिवळी. मग कालव्याची रेघ दिसली. पुढे पूल, काडेपेटीएवढा. त्यांनी काचेला नाक लावलं.

इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

"काका, पट्टा घट्ट!" यशोधन ओरडला. पूल दिसत होता, पण तिथवर पोचण्याएवढी उंची नव्हती. मोहरीच्या शेतात चाकं रुतली आणि विमान नाकावर उभं राहिलं. जीव दोघांचेही वाचले. कृष्णातरावांचं गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि कोट फाटला.

चौकशीत दोघांनीही खरं तेच सांगितलं. यशोधनचं लायसन काही महिने अडकलं. तो पुण्याला गेला. फोन करतो, "काका, चूक माझीच." कृष्णातराव म्हणतात, "पट्टी माझी होती साहेब." विमान भंगारात गेलं. क्लबात पुन्हा कुणी बोलावलं नाही, आणि ह्यांनीही विचारलं नाही.

आता चहा पिता पिता मधेच विचारतात, "तू नक्की कुठं उभी होतीस गं?"

"पुलाच्या मधोमध."

"छत्री उघडली होतीस?"

"अहो, हात दुखेपर्यंत. शेवटी एक रिक्षावाला विचारायला लागला, 'माताजी, कहीं जाना है?'"

परवा भाजी घेऊन येताना प्रभावतीबाई गेटपाशी थांबल्या. ऊन नव्हतं, तरी पिवळी छत्री उघडून त्यांनी मान वर केली. चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत कृष्णातराव कठड्याला रेलून उभे होते. त्यांनी हात हलवला, बराच वेळ हलवला. मग डोळे बारीक करून छत्रीकडे बघत राहिले.

"कशी दिसते?" त्यांनी खालून ओरडून विचारलं.

"छान," ते म्हणाले. आणि मग स्वतःशीच, "फार मोठी दिसते. बटणाएवढी दिसायला हवी होती."