आधी चेहरा, मग शब्द

भिकननाना सैंदाणे यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीचे लोक माझ्याकडे लेख मागायला आले, तेव्हा मी त्यांना आधीच बजावले. म्हटले, तुम्हाला रंगमंचावरचे नाना माहीत आहेत, मला दुकानातले नाना माहीत आहेत. मी त्यांच्यावरच लिहीन. ते चालेल म्हणाले. तेव्हा आता कुणी कुरकुर करू नये.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी मूळचा धुळ्याकडचा, आणि तोवर सुरतेत यंत्रमागावर माझी बारा वर्षे गेली होती. मागांच्या खडखडाटात रोज बारा तास उभ्या राहिलेल्या माणसाचे कान ते काय राहणार? माझे गेलेच होते. अर्थात मी ते कबूल करत नसे. लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात, असे माझे म्हणणे. कारखान्यात काही अडत नसे, कारण तिथे कुणालाच काही ऐकू येत नाही. आम्ही ओठ बघून समजतो आणि हातांनी बोलतो. अडायचे ते बाहेर. पंगतीत कुणी विनोद केला की सगळे हसत, आणि मी त्यांची तोंडे बघून मागाहून हसे. माझ्या एका मेव्हण्याने हे ओळखले. एका साखरपुड्यात कुणी काहीच बोललेले नसताना त्याने चौघांना खुणेने हसायला लावले. मीही हसलो. मग ते खरोखरच हसले. त्या दिवसापासून मी चार माणसांत जाणे सोडून दिले.

डिंडोलीच्या रस्त्याला एका गुजराती शेठचे कॉमिक्स भाड्याने देण्याचे दुकान होते. नाना तिथले मॅनेजर. मॅनेजर म्हणजे दुकान झाडणारे आणि फाटकी पाने खळीने चिकटवणारेही तेच. रात्रपाळी सुटली की आमची खानदेशी मंडळी सकाळी घरी जाताजाता तिथल्या बाकांवर टेकत. हिंदी कॉमिक्स त्यांना भराभर वाचता येत नसत, म्हणून नाना मोठ्याने वाचून दाखवत, तेही अहिराणीत. राक्षस, राजकन्या, इन्स्पेक्टर, सगळ्यांचे माहेर जणू शिरपूर-साक्रीचे. एके सकाळी मी गर्दी बघून मागे उभा राहिलो. नाना पुस्तकात मान घालून वाचत होते, त्यामुळे ओठ दिसेनात. मंडळी हसली. मी शेजाऱ्याकडे पाहिले आणि हसलो. पुन्हा समोर बघतो तो नाना माझ्याकडेच पाहत होते. मला वाटले, हे गृहस्थही आमच्या मेव्हण्याचेच भाऊ निघाले. मी काढता पाय घेतला.

आठवडाभर मी वाट वाकडी करून घरी जात होतो. एकदा विसरून त्या रस्त्याने गेलो, तर नानांनी दुकानातून उतरून माझा दंडच धरला. "बठ भो, तुनी जागा आठे शे," म्हणाले आणि मला पहिल्या बाकावर, अगदी आपल्या समोर बसवले. त्या दिवशी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलेले होते. गोष्ट त्यांनी पाठ केली होती. राक्षसाला शिंक येणार, तर ती आधी नानांच्या नाकाशी यायची, भुवया चढायच्या, डोळे मिटायचे, आणि मग ते वाक्य बोलायचे. मला हसू फुटले. सवयीने मागे वळून पाहिले, तर बाकीचे अजून हसायचे होते. किती वर्षांनी मी इतरांच्या आधी हसलो होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते हसण्यानेच आले असे मी शेजाऱ्याला सांगितले.

त्यानंतर मी रोजचा झालो. नाना आता असेच सांगतात, कला वाढते आहे, एवढेच मला वाटले. त्यांच्या कामातली शिस्त मी तिथेच पाहिली. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर. ज्याचे शेवटचे पान हरवले असेल, त्याचा शेवट नाना स्वतः रचत, कारण गिऱ्हाइकाला अर्धवट गोष्ट देणे त्यांना पटत नसे. यातून एकदा घोटाळा झाला. दिवसपाळीवाल्यांना सांगताना त्यांनी खलनायकाला तुरुंगात टाकले, आणि रात्रपाळीवाल्यांना सांगताना त्याला सुधारून राजकन्येच्या लग्नात वाढपी केले. पाळी बदलताना दोन्ही गट कारखान्याच्या दारात भेटले आणि जुंपली. माग तसेच उभे. शेवटी मुकादम तावातावाने दुकानात आला. नानांनी शांतपणे त्याला बसवले आणि म्हणाले, "दोन्ही बरोबर आहेत. आधी तुरुंग, मग सुटका, मग लग्न." मुकादमाने कपाळाला हात लावला, पण लग्नात काय काय वाढले ते विचारूनच तो उठला.

शेठचे लक्ष होतेच. एकदा गर्दी पाहून त्यांनी विचारले, "भीखनभाई, तमे दुकान चलावो छो के नाटक?" नाना म्हणाले, "बेउ, शेठ." दोन्ही. पुढे आमच्या खानदेशच्या कानबाई देवीच्या उत्सवात इथल्या मंडळाने त्यांना दुपारी अर्धा तास दिला. तो त्यांचा रंगमंचावरचा पहिला प्रयोग. मग बारडोली, चलथाण, उधना अशी बोलावणी येऊ लागली. सामान उचलायला आणि पडदा बांधायला मी बरोबर जाई. पडदा बांधून झाला की नाना मला समोर, त्यांना दिसेल अशा जागी बसायला सांगत. चलथाणला एका संयोजकाने त्यांच्याकडे बहिऱ्या सासऱ्याचा किस्सा मागितला. हमखास टाळ्या घेणारा किस्सा होता तो, दुकानात पहिल्या सकाळी नानांनी वाचता वाचता तोच मधे घातला होता आणि मंडळी हसली होती ती त्यावरच, हे मला पुढे कळले. नाना म्हणाले, "तो आता मला येत नाही." एवढे पाठांतर असलेला माणूस एक किस्सा विसरतो कसा, याचे मला तेव्हा नवल वाटले, आणि तेवढ्यावर मी सोडून दिले.

मग कॅसेटचे आले. एका कॅसेटवाल्याने नानांच्या गोष्टी ऐकून त्यांना सहा कॅसेटांसाठी बोलावले. त्या काळी घराघरांत टेप होता, कॅसेट निघाली म्हणजे माणूस कलाकार झाला. नानांच्या घरी पाच तोंडे खाणारी, तरी त्यांनी हिंमत केली. शेठला दुसरा मॅनेजर बघायला सांगून ते मोकळे झाले आणि एका सकाळी आम्ही स्टुडिओत गेलो. आत नाना आणि कॅसेटवाला. मधे जाड काच. बाहेर बाकावर मी. काचेतून आवाज बाहेर येत नव्हता, असे मला नंतर सांगण्यात आले. मला त्याने काय फरक पडणार? मला त्या दोघांचे ओठ स्वच्छ दिसत होते.

थोडे झाले की कॅसेटवाला हात वर करून थांबवी. गोष्ट चालता चालता आवाज मधेच बंद पडतो, अशी त्याची तक्रार होती. मला कळेना. मी पाहत होतो तर नाना उत्तम करत होते. नाकाशी शिंक आली, भुवया चढल्या, आणि मग वाक्य. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की टेपवर नाक आणि भुवया उमटत नाहीत. तिथे नुसती पोकळी राहते. पाच-सहा वेळा तसेच झाल्यावर कॅसेटवाल्याने हेडफोन काढला आणि विचारले, "ये रुकने की आदत किसने लगाई?"

नानांनी माझ्याकडे पाठ केलेली नव्हती. त्यांना वाटले असेल, काच आहे, शिवाय हा बहिरा; मला ओठ पुरतात, हे त्या घाईत ध्यानात राहिले नसेल. ते म्हणाले, "मेरा एक आदमी है, साहब. वो हँसने में पीछे रह जाता था. अब उसको छोड़के बोलना नहीं आता."

"वो आदमी कॅसेट में थोड़े ही बैठेगा," तो म्हणाला. "सीधा बोल दो, काम पक्का."

नानांनी मान डोलावली. काचेतून माझ्याकडे पाहून अंगठा तोंडाशी नेला, म्हणजे चहा घेऊन ये, ही आमची मागावरची खूण, नानांनी माझ्याकडून उचललेली. मी जागचा हललो नाही. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, आणि पुन्हा ते थांबले. मुद्दाम थांबले की आपोआप, ते मला आजही ठाऊक नाही. दुपारी बाहेर आले आणि म्हणाले, "त्यासनं मशीन खराब शे." मी बरं म्हटले. दुसरे काय म्हणणार होतो?

कॅसेटचे काम तिथेच बारगळले, आणि दुकानात तोवर नवा मॅनेजर बसला होता. पुढची जवळजवळ दोन वर्षे नानांनी कापड मार्केटात साड्यांच्या घड्या घातल्या आणि सुट्टीच्या दिवशी प्रयोग केले. त्या दोन वर्षांत त्यांच्या तोंडून एक वावगा शब्द निघाला नाही. मी मात्र नानांच्या घरी वहिनींसमोर मान वर करून बसू शकत नव्हतो. पुढे प्रयोगांनीच त्यांना हात दिला आणि सुरतेच्या मराठी माणसांना आपला हक्काचा कलाकार मिळाला. कुणी विद्वान त्यांच्या विरामांचे कौतुक करतात, त्यामागे मोठा अभ्यास आहे म्हणतात. असेल. मला फक्त त्याची सुरुवात माहीत आहे. नाना, तुमच्यामुळे मी माणसांत परत आलो. मुलीच्या लग्नात मांडवात ताठ बसलो आणि वेळेवर हसलो. हे उपकार फिटण्यातले नाहीत आणि मला ते फेडायचेही नाहीत.

नानांना उदंड आयुष्य मिळो, गुडघे आणि दात शाबूत राहोत आणि भुवया अशाच चढत राहोत. काचेपलीकडचे ते बोलणे मला समजले होते, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही. समारंभात हा लेख मोठ्याने वाचला जाणार आहे असे समितीने कळवले आहे. मी पहिल्या रांगेत असेन. वाचणाऱ्याकडे मी बघणार नाही, नानांच्या तोंडाकडे बघेन. ते जे काही म्हणतील, ते कितीही हळू म्हणाले तरी मला कळेल.