पास्त्याच्या पाण्यातलं मीठ

मुलुंडला आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका रिटायर झाल्यावर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायला लागले. स्वतः गॅसला हात लावत नाहीत, काकूंना शिकवतात. प्रत्येक वाक्य ‘ऐक’ने सुरू होतं आणि ‘कळलं?’वर संपतं. "ऐक, पास्त्याचं मीठ उकळत्या पाण्यातच पडलं पाहिजे. नंतर वरून भुरभुरवलंस तर आत शिरत नाही. कळलं?"

परवा नातीच्या वाढदिवसाला आम्ही शेजारी जमलो होतो. त्या गडबडीत काकू पाण्यात मीठ घालायला विसरल्या. काकांनी पास्त्याची एक नळी तोंडात टाकली आणि अख्खं पातेलं सिंकमध्ये ओतलं. नात रडायला लागली. काकूंनी पुन्हा आधण ठेवलं.

"आता खाऊन बघा!" थोड्या वेळाने काका आम्हाला म्हणाले. पास्ता खरंच छान झाला होता, आणि सगळ्यांनी तसं सांगितलंही.

मी आत गेले, तर काकू सिंकमधला पास्ता हाताने गोळा करत होत्या.

"काकू, कसं सहन करता हो?"

"चवीचं त्यांचं बरोबर असतं गं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर माझ्या बाजूने कोणी बोलत नाही."