भावासाठी प्रार्थनेची चिठ्ठी

आई गेल्याचं धाकट्या भावाने मला फोनवर सांगितलं ते असं, "आई गेली, अक्का. माती झाली. आता घाई करून येऊ नको." आई भावाकडे परभणीला, मी सासरी गंगाखेडला, म्हणजे तासाभराचा रस्ता. सकाळी कळवलं असतं तर मी आईचं तोंड पाहिलं असतं. त्याने संध्याकाळी कळवलं, आणि का ते विचारलं तर फोन ठेवून दिला.

मी भांडायला गेले नाही. घरातलं भांडण घरात राहतं आणि मला तर ते चारचौघांत हवं होतं.

परभणीच्या ज्या चर्चमध्ये आम्ही लहानाचे मोठे झालो, तिथे उपासनेआधी दाराशी एक पेटी ठेवतात. कुणासाठी प्रार्थना हवी असेल तर चिठ्ठी लिहून टाकायची. पाळकसाहेब ती मोठ्याने वाचतात आणि सगळी सभा प्रार्थना करते. कुणाची शुगर, कुणाच्या मुलीचं लग्न. मी लिहिलं, "माझ्या भावाने मला आईचं तोंड पाहू दिलं नाही. प्रभू त्याचं कठीण हृदय मऊ करो." खाली सही. भाऊ मंडळीचा पंच, चर्चचा कारभार बघणाऱ्यांतला, पहिल्या बाकावर बसणारा. प्रार्थनेला नाही कोण म्हणणार? शंभर माणसांनी डोळे मिटून त्याच्या कठीण हृदयासाठी देवाला विनवलं. मी डोळे उघडेच ठेवले होते, त्याची मान खाली गेलेली मला बघायची होती.

पुढच्या रविवारी पुन्हा तीच चिठ्ठी. गंगाखेडात घराजवळ उपासना असताना मी दर रविवारी सकाळची एसटी पकडून परभणीला जायचे. पाळकसाहेब माझ्या भक्तीचं कौतुक करायचे. हळूहळू उपासनेनंतरच्या चहाला भावाशी बोलायला कुणी थांबेना. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, लय बरं वाटलं. देव मला नावानिशी ओळखतो, माझ्यावर त्याचा जीव आहे, माझं किती दुखलं ते त्याला ठाऊक आहे, असं मी येता-जाता स्वतःला सांगायचे. तो भावालाही ओळखत असेल हे डोक्यातच आलं नाही. अकरा वर्षं आईचं हगणं-मुतणं भावाने काढलं आणि मी नाताळला नि उन्हाळ्यात साडी घेऊन जायचे, हेही त्या दिवसांत मी स्वतःला आठवू दिलं नाही.

असे आठ महिने गेले. मग एका रविवारी पाळकसाहेब बाहेरगावी गेले आणि चिठ्ठ्या वाचायचं काम भावाकडे आलं. मला वाटलं, माझी तो गाळणार. गाळली की उभं राहून विचारायचं, अशी तयारीच करून बसले होते. त्याने माझी चिठ्ठी शब्द न शब्द वाचली, सहीसकट. मग डोळे मिटले. प्रार्थना करताना आम्ही सगळेच पुस्तकी मराठीवर येतो. त्यानेही "हे दयाळू पित्या" अशी सुरुवात केली, आणि अडखळला.

"देवा, शेवटी शेवटी आई मला वळखतच नव्हती. मी घास भरवायलो, अन् ती अक्कालाच हाका मारायली. कोण रे तू, म्हणायली मला. अकरा वर्षं मी केलं, अन् नाव अक्काचं. मला लय राग आला, देवा. म्हणून न्हाई कळवलं. तू तरी मला वळखतूस का न्हाई?"

मला हवं ते सगळं मिळालं होतं. तो शंभर माणसांसमोर रडत होता. शिवाय आई मला हाका मारत होती, आणि हे त्याने आठ महिने दाबून ठेवलं होतं! माझा राग उलट वाढला. आमेन म्हणायचं म्हणजे होय, देव तुला ओळखतो, असं त्याला सांगायचं. सगळी मंडळी आमेन म्हणाली. त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी ओठ घट्ट मिटून बसले होते आणि ते त्याला दिसलं.

परतीच्या एसटीत मी प्रार्थनेला मान खाली घातली, पण जमेना. भावाला दिसले ते ओठ देवालाही दिसले होते. देवाने मला जरा कमी ओळखलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.