बुएनो म्हणजे होकार नव्हे

ओफेलिया कुआउत्ले दिवसभर परक्यांची बोलणी ऐकते. मेक्सिकोत, पुएब्ला शहरातल्या आमच्या कॉल सेंटरमध्ये मुली फोनवरून विमा विकतात. गिऱ्हाइकाने खरोखर होकार दिला का, हे रेकॉर्डिंग ऐकून ती ठरवते. स्पष्ट होकार नसेल, तर विक्री रद्द. तिच्या शेजारी बसून मीही तेच काम करते. संध्याकाळी ती हेडफोन काढते तेव्हा तिचे कान लाल झालेले असतात. घरी कुणी हाक मारली तर ओ देणंही जिवावर येतं, म्हणते.

त्या गुरुवारी तिच्याकडे नायेलीचं रेकॉर्डिंग आलं. नायेली तिच्या बहिणीची मुलगी; तिनेच इथे चिकटवलेली. आणखी एक विक्री रद्द झाली की तिची नोकरी जाणार होती.

गिऱ्हाईक आत्लिस्कोचा एक म्हातारा रोपवाटिकावाला. लाइन खरखरत होती. प्रत्येक प्रश्नावर तो एवढंच म्हणत होता, "बुएनो? बुएनो?"

फोन उचलला की आमच्याकडे हेच म्हणतात. 'बरं, चालेल' म्हणायलाही हाच शब्द.

"म्हणाला ना बुएनो? झालं तर मग, मावशी!" नायेली म्हणाली.

"अगं, त्याला ऐकूच येत नव्हतं."

"तुला बरं कळलं! तू काय त्याच्या कानात बसली होतीस?"

ओफेलियाने रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. मग खात्री करायला स्वतःच फोन लावला. "हो म्हण रे बाबा," ती पुटपुटली.

या वेळी लाइन स्वच्छ होती. तिने सावकाश, नीट विचारलं.

"विमा? नको बाई." म्हाताऱ्याला धाप लागली होती. "आणि फोनच करू नका. मुलगा उत्तरेकडून, अमेरिकेतून करतो कधीमधी, म्हणून वाफ्यातून पळत येतो मी. गुडघे राहिले नाहीत आता."

"बरं काका. तुमचा नंबर काढून टाकते."

नायेली मागेच उभी होती. "विक्री रद्द कर हवं तर, पण नंबर कशाला काढतेस? उद्या नीट विचारलं असतं मी!"

"तो नको म्हणालाय, नायेली."

"मग आईला तूच सांग."

"सांगते."

तिने विक्री रद्द केली, नंबर यादीतून काढला. नायेली स्वेटर उचलून निघाली. ओफेलिया खुर्चीतून अर्धी उठली, पुन्हा बसली. पुढचं रेकॉर्डिंग आलं होतं. तिने हेडफोन माझ्याकडे सरकवला.

"हे एवढं तू ऐक गं. मला आता कुणाचाच आवाज नको."