डहीच्या वाटेला चालेल अशी गाडी

देवासहून सकाळी सहाला निघालो तेव्हा आधी हात शर्टाला पुसले, मग स्टिअरिंग धरलं. गाडी माझी नव्हती, माईंचीही नव्हती. शोरूमवाल्याने एका दिवसासाठी चालवून बघायला दिली होती. काळी, लांबरुंद, आरशासारखी चकचकीत. चावी देताना तो म्हणाला, "भिया, मक्खन है. बस खरोंच मत लाना, और अंदर गंदी मत करना."

माई म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टर, वय सदुसष्ट. देवासच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. पणजोबा संस्थानात अंमलदार होते म्हणे. दर बुधवारी त्या धार जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला, डहीच्या बाजूला, म्हाताऱ्या माणसांचे डोळे तपासायला जातात. मोतीबिंदू पिकलेली तीन-चार माणसं येताना गाडीतून ऑपरेशनला आणतात आणि पुढच्या बुधवारी घरी पोचवतात.

मी त्यांचा ड्रायव्हर, संपत. गाव जत तालुक्यात, शाळा सातवीपर्यंत. द्राक्षांच्या ट्रकवर क्लीनर होतो. देवासजवळ डोळ्यात लोखंडाचा कण गेला, ट्रक पुढे निघून गेला, मी माईंच्या दवाखान्यात राहिलो. तो राहिलो तो राहिलोच. नऊ वर्षं झाली.

जुनी जीप आता घाट चढेना. माईंची कंबरही तिच्यासारखीच झालेली. बंगळूरचे दादा, म्हणजे माईंचा मुलगा, फोनवर म्हणाले, "आई, एक तर चांगली मोठी गाडी घे, नाहीतर डही बंद कर." माईंनी दोन एसयूव्ही ठरवल्या आणि मला म्हणाल्या, "चालवणार तू. एकेक बुधवार दोन्ही ने, आणि दुसऱ्या बुधवारी परत आलो की कुठली ते सांग." आजवर कुणी शर्टाचा रंगसुद्धा मला विचारून आणला नव्हता. चुकलो तर डही बंद, आणि मग माझं काय, हेही मनात होतंच. खोटं कशाला बोलू.

पहिल्या बुधवारी साधी नेली होती. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी, पोटाखाली माझी एक वीत आणि चार बोटं जागा, आत नुसती रबराची मॅट. कच्च्या रस्त्याला चांगली, पण हायवेला खडखड फार. जाताना आधीचे पेशंट घरी सोडले, ऑपरेशनला नवं कुणी निघालं नाही. परतताना माई धामनोदच्या ढाब्याच्या भिंतीला पाठ टेकून दहा मिनिटं उभ्या राहिल्या. तेव्हाच मी मनात काळी पक्की करून टाकली.

आणि काळी होतीच तशी. इंदूर बायपासला पोहे-जिलबी खाल्ली, माईंनी पोह्यांवर नेहमीसारखी जास्तीची शेव मागितली, आणि मानपूरचा घाट यायच्या आत त्यांचा डोळा लागला. नऊ वर्षांत माई माझ्या शेजारी कधी झोपल्या नव्हत्या. मी एसी एका टिंबाने कमी केला आणि घाट असा उतरलो, जसं कुणी भरलेली कळशी डोक्यावर घेऊन उतरतं.

धामनोदला ट्रकांची गर्दी. सांगलीचे नंबर दिसतात का, हे बघायची मला खोडच आहे. दोन दिसले. एका ड्रायव्हरला हात केला. त्याने गाडीकडे बघितलं आणि मला मालक समजून नमस्कार केला. हसू आलं आणि बरंही वाटलं.

कुक्षी सोडल्यावर उन्हं तापली. निसरपूरचं जुनं गाव डुबीत (धरणाच्या पाण्याखाली) गेलं, लोक वरच्या अंगाला नव्या प्लॉटांवर राहतात. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की चिखलातून घरांची जोती वर येतात. एका जोत्यावर कुणीतरी भोपळ्याचा वेल लावला होता. माईंना दोन घरी जाऊन डोळे तपासायचे होते, ती घरं अशाच उतारावरच्या वाटेला. दोन्हीकडून बाभळी. मी दर पन्नास पावलांवर उतरून काटे हाताने बाजूला करत होतो. बोटातून रक्त आलं.

"संपत, गाडीला जपतोयस की मला?" माई म्हणाल्या.

"दोघींना."

"दोघीत धाकटी कोण, ते तरी सांग."

पुढे एक कोरडा नाला होता. बटण फिरवून चिखल-दगडाचा मोड लावला, तर गाडी न कुरकुरता पार. फक्त पुढच्या बंपरच्या ओठाला एक दगड घासला. खाली वाकून बघितलं, बोटभर ओरखडा. जीव अर्धा झाला. माईंनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "यावर टाका लागत नाही."

डहीच्या पलीकडे एका फळियात (वस्तीत) लिंबाखाली तपासणी झाली. जेवायला डाळ आणि पानिया (पानांत गुंडाळून गोवऱ्यांवर भाजलेली मक्याची भाकरी). पान सोलताना हात भाजतो, पण तो धुराचा वास आमच्या गावच्या भाकरीला नाही, हे मान्य.

या खेपेला तीन माणसं निघाली: एक आजोबा, एक काकू आणि झमकूबाई नावाची आजी, जिला दोन्ही डोळ्यांनी फक्त उजेड-अंधार कळतो. मला शोरूमवाल्याचं बोलणं आठवलं. मी मागच्या मऊ सीटांवर पांढरी चादर अंथरली, चारी कोपरे खोचले, खालच्या गालिच्यावर वर्तमानपत्रं टाकली. काकूने चादर बघितली, तांब्याभर पाणी मागवलं, पाय धुतले. मग आजोबांनी, मग हात धरून आजीनेही. किती जपतात लोक, असं मला वाटलं. दारं लावली आणि निघालो.

धामनोदला चहाला थांबलो. तीन वाजले असतील, ढाब्यासमोरची फरशी तव्यासारखी. मी आजीला धरून उतरवलं. तिने एक पाऊल टाकलं, उचललं, दुसरं टाकलं, उचललं. मी खाली बघितलं. तिघंही अनवाणी.

"आजी, चप्पल?"

"वहीं छोड़ी, बेटा. गाड़ी मैली हो जाती."

तिघांच्याही चपला तिकडे लिंबाखाली, ओळीने लावून ठेवलेल्या असणार. देवळाबाहेर ठेवतात तशा. जुन्या जीपमध्ये, मागच्या बुधवारच्या साध्या गाडीत, कुणी कधी चप्पल काढली नव्हती. काढायला लावली ती मी. एक शब्द न बोलता, चादरीने.

मी आजीला उचलून बाकावर बसवलं आणि बाजारात पळालो. अंदाजाने तीन जोड आणले. काकूचा जोड मोठा झाला. ती म्हणाली, "इसमें तो दोनों आदमी-औरत चल लें." आजोबा हसले. मला हसता येईना.

नऊ वर्षांपूर्वी डोळ्याला पट्टी बांधलेला मी माईंच्या दाराशी असाच उभा होतो. आतली फरशी इतकी स्वच्छ की पाऊल उचलेना. माई आतून म्हणाल्या होत्या, "आत ये रे. फरशी चालण्यासाठीच असते." हे मी विसरलो होतो, असं नाही. चावी हातात आल्यावर आठवलं नाही, एवढंच.

पुढे घाट लागला. या वेळी माई जाग्या होत्या. मानपूरच्या वर आल्यावर मीच म्हणालो, "माई, साधी घेऊ या."

"आणि माझी कंबर?"

"तुमची सीट कारागिराकडून वेगळी करून घेऊ. घाटात गाडी मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरवीन. पण या गाडीत ही माणसं पाहुण्यासारखी बसतात, माई. पेशंटासारखी बसत नाहीत."

माईंनी मागे वळून बघितलं. तिघंही सीटच्या कडेला, पाय वर उचलून धरलेले. नव्या चपलांसकट.

"दादाला तू सांगायचंस," त्या म्हणाल्या.

देवासला तिघांना वॉर्डात पोचवून मी दादांना फोन केला. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आईला त्रास झाला तर?" मी म्हणालो, "होईल थोडा. खोटं नाही सांगत. मी कमी करत राहीन." दादा म्हणाले, "बरं. सीट चांगली करून घे."

आज, आठवड्याने, नव्या घेतलेल्या साध्या गाडीतून त्या तिघांना घरी पोचवून आलो. खडखडाटात माईंना झोप काही लागली नाही. त्यामुळे कुक्षीपर्यंत त्या बोलत राहिल्या, पणजोबांपासून जत तालुक्यातल्या माझ्या आईच्या गुडघ्यांपर्यंत. उतरताना कंबरेवर हात ठेवलाच. मी बघतोय हे दिसल्यावर काढला. घरी वाचणाऱ्यांनो, मी बरोबर निवडलं का, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. एवढं सांगतो. देवासहून निघताना झमकूबाई धुळीने माखलेल्या चपलांनी थेट आत चढली, सीटवर मांडी ठोकली, आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्याने मला नीट न्याहाळून माईंना म्हणाली, "यही है क्या वो चप्पल लाने वाला? मैं तो बड़ा समझी थी."