उकंडरावाची सवालाची बाज

भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या आणि उकंडरावाच्या मधल्या भिंतीला आहेत ते माझेच. म्हणून सांगतो, कामरगावच्या बाजारातली सवालाची बाज मोडता मोडता कशी वाचली.

उकंडराव बैलांचा दलाल. बावन्न सालच्या निवडणुकीत एक उमेदवार भाषण ठोकायला आला, तेव्हा यानं त्याला लिंबाखालच्या बाजेवर बसवलं आणि म्हणाला, "भाषन नको जी. दात पाह्यल्याबिगर आमी गोऱ्हाबी घेत नाई. तीन सवाल, तीन जवाब." झालं! तेव्हापासून मत मागायला येईल तो, पक्ष कोणता का असेना, त्या बाजेवर ऐटीत बसायचा आणि घामाघूम होऊन उठायचा. पाच वर्षांत उकंडरावानं कुणाला सवाल माफ केला नाही. गावात त्याची पत होती ती एवढ्यावरच.

आणि सत्तावन्न साली उभे राहिले कोण? इंझोरीचे दौलतराव, त्याचे सख्खे व्याही, आमच्या बोलीत इवाई! लेक रुख्मिणी त्यांच्या घरात. त्यातून शाळेच्या छपरासाठी आलेली टिनं दौलतरावांच्या गोठ्यावर चढलेली, हे मास्तरापासून म्हशीपर्यंत साऱ्यांना ठाऊक. विचारावं, तर मुलीच्या बापानं व्याह्याचा पाणउतारा केला म्हणून भोगणार रुख्मिणी. न विचारावं, तर बाजेवर पुन्हा कोण विश्वास ठेवणार?

बाजाराच्या दिवशी उकंडराव सकाळीच घोंगडी ओढून पडला. मी भिंतीला टेकलो.

"मले ताप हाय."

"कोठं हाय? कपाळ तं गार लागून राह्यलं," त्याची बायको कस्तुराबाई म्हणाली. "इवायाचा ताप हाय तो. उठा!"

"काय इचारू त्याईले? पोरीचा बाप हावो मी."

"तुमी नका इचारू. लग्नात इवायाची फजिती कोन करते? बायाच ना? मंग! गान्यावर कोन रागावते?"

दुपारी दौलतराव फेटा सावरत बाजेवर बसले. समोर उकंडराव मुका. लोक खाकरू लागले. तेवढ्यात सात-आठ बायका मागं घेऊन कस्तुराबाईनं सूर लावला:

"इवाई आमचे मोठे गुनाचे, मिशीले लावते तूप,
शाळेच्या टिनाखाली निजते म्हैस, पोराईले लागते धूप!"

सारा बाजार खदखदला. दौलतरावांच्या मिशा थरथरल्या. पण विहिणीच्या गाण्यावर जो व्याही रुसला, त्याची सात गावांत शोभा! ते आधी खोटं हसले, मग पोट धरून खरंच हसले.

"हारलो, इहीनबाई! पुढच्या बाजाराच्या आत टिनं शाळेवर चढवतो."

"दुसरा सवाल गा वं!" उकंडराव बायकोवर ओरडला. ताप पळाला होता.

टिनं चढली. दौलतराव निवडणुकीत पडले, ती गोष्ट वेगळी. उकंडरावाला मात्र धास्ती, आता रुख्मिणीला सासरी काय ऐकावं लागतं! सणाला ती माहेरी आली ती सासूचा निरोप घेऊनच:

"मायजवळून ते गानं पुरं शिकून ये. मलेबी आमच्या याईले लय सवाल इचाराचे हायत."